दस मिनट, साहब : हॉटेलातली वाईट सेवा आणि परगावचं गिऱ्हाईक



आजचा विषय साधा वाटेल. सुट्टीत परगावी गेलो, हॉटेलात जेवायला बसलो, सेवा वाईट मिळाली. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? हे तर दर सहलीला होतं. आपण चडफडत जेवतो, बिल भरतो आणि बाहेर आल्यावर म्हणतो, "पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही." खरं म्हणजे आपण पुन्हा तिथे येणार नसतोच, आणि हे त्या हॉटेलवाल्यालाही ठाऊक असतं. परगावच्या गिऱ्हाइकाला जी सेवा मिळते, तिचं मूळ या एका हिशेबात आहे. हा हिशेब आता कायद्याने बराचसा मोडून काढलाय, पण आपल्यापैकी फार थोड्यांना ते माहीत आहे. मलाही नव्हतं. जबलपूरच्या सहलीत एक प्रसंग घडला आणि मग मी वाचायला बसलो.

बडा फुहारा

जबलपूर हे लष्करी माणसाला माहेरासारखं गाव. ग्रेनेडिअर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटची केंद्रं तिथे आहेत, तोफगाड्यांचा कारखाना तर १९०४ सालचा. तरुणपणी मी काही महिने तिथे काढले होते. म्हणून या वेळी मी, माझी पत्नी आणि नागपूरची माझी ताई असे तिघे निघालो. भेडाघाटला संगमरवरी खडकांमधून नावेने हिंडलो, धुआंधारचे तुषार अंगावर घेतले, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात बडा फुहारा गाठला.

फुहारा म्हणजे कारंजं. शहराला खंदारी जलाशयाचं पाणी नळाने मिळू लागलं, त्या एकोणिसाव्या शतकातल्या काळाशी या कारंज्याची आठवण जोडलेली आहे. आज मात्र 'बडा फुहारा' म्हणजे अख्खा बाजार. नागपूरकरांनी इतवारी डोळ्यांसमोर आणावी, पुणेकरांनी तुळशीबाग. साड्या, भांडी, सराफी, मसाले, आणि मधोमध ते कारंजं. जवळच कमानिया गेट आहे, १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणारं. याच भागात ती काळपट तांबूस, खव्याची जिलेबी मिळते. ती खायची आणि ताईला साड्या बघायच्या, एवढाच बेत होता.

दीडच्या सुमारास भूक लागली. समोर एक बऱ्यापैकी हॉटेल दिसलं, त्याचं नाव मी घेणार नाही. बसलो. टेबलावर आमच्या आधीच्या मंडळींच्या ताटल्या होत्या. त्या उचलायला दहा मिनिटं लागली. मग एक विशीतला पोरगा आला. न विचारता बाटलीबंद पाण्याच्या दोन बाटल्या उघडून ठेवल्या. दाल, दोन भाज्या, तवा रोटी, भात अशी साधी ऑर्डर दिली. मी विचारलं, "कितना टाईम?" तो म्हणाला, "बस दस मिनट, साहब."

हे 'दस मिनट' लक्षात ठेवा.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे. जेवणाआधी ती इन्शुलिन घेते. दहा मिनिटांत ताट येणार म्हटल्यावर तिने पिशवीतून पेन काढलं आणि रोजच्या मापाने इंजेक्शन घेतलं.

वीस मिनिटं झाली. पोरगा दिसला की आम्ही हात करायचो आणि तो "आ रहा है" म्हणून पुढे जायचा. तिसाव्या मिनिटाला मी किचनच्या दारापर्यंत गेलो. तेव्हा कळलं की आमची चिठ्ठी आत पोचलेलीच नव्हती. परत येऊन बघतो तर पत्नी एकदम गप्प. कपाळावर घाम, हात थरथरत होते. ताईने काहीतरी विचारलं त्याचं उत्तर तिने भलतंच दिलं. साखर उतरत होती.

मी गल्ल्यावर गेलो. म्हटलं, "साखर द्या, लगेच." गल्ल्यावरचा माणूस फोनवर होता. त्याने तळहात दाखवून थांबवलं, आणि फोन कानाला तसाच ठेवून म्हणाला, "वेटर को बोलिए." वेटर कुठेच दिसत नव्हता.

मी बाहेर धावलो. शेजारीच मिठाईचं दुकान होतं. कढईसमोर बसलेल्या माणसाला एवढंच म्हटलं, "शुगर की पेशंट है, अंदर, शुगर गिर रही है." त्याने एक शब्द विचारला नाही. जिलेबीचा पाक पळीने पेल्यात ओतला, वर पाणी घातलं, ढवळलं आणि पोऱ्याला म्हणाला, "दौड़, अम्मा जी को पिला." पोरगा माझ्या पुढे पळत गेला. पाच-सात मिनिटांत तिचे डोळे ताळ्यावर आले, पंधराव्या मिनिटाला ती नीट बोलायला लागली. नंतर पैसे द्यायला गेलो तर त्या हलवायाने हात जोडले.

दोन दुकानांत एक भिंत. दोघांनाही माहीत होतं की आम्ही परगावचे, पुन्हा येणार नाही.

माझी चूक

आता मी काय केलं ते ऐका, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी परत येऊन त्या वेटरवर ओरडलो. तेही लष्करी आवाजात. सगळं हॉटेल माना वळवून बघायला लागलं. पोरगा खाली मान घालून उभा. तेवढ्यात आमची ताटं आली. आणि ही, जी दहा मिनिटांपूर्वी शुद्ध हरपायच्या बेतात होती, ती मला म्हणाली, "अहो, त्या पोराला काय ओरडता? त्याच्या हातात काय आहे? नऊ टेबलं तो एकटा बघतोय."

मी मोजली. खरंच नऊ होती.

फौजेत एक पद्धत आहे. जवानांच्या लंगरात जेवण कसं होतंय हे पाहायला ड्यूटीवरचा अधिकारी स्वतः जातो, चाखून बघतो. वरण पाणचट निघालं तर तो वाढणाऱ्या जवानाला झापत नाही. रेशन कोणी मोजून दिलं, आचारी किती होते, कोणाची जबाबदारी होती, हे विचारतो. ऑफिसर्स मेसमध्ये तक्रार असेल तर ती वहीत लिहायची आणि मेस सेक्रेटरीने उत्तर द्यायचं. वाढणाऱ्यावर आवाज चढवणं हे असंस्कृतपणाचं समजतात. नोकरीची सगळी वर्षं मी हे पाळलं आणि जबलपुरात पंधरा मिनिटांत विसरलो.

'दस मिनट' हे त्या पोराचं वाक्य नव्हतंच. नंतर बिल देताना त्यानेच हळूच सांगितलं, "साहब, बीस बोलूँ तो ग्राहक उठ जाता है. सेठ डाँटते हैं." म्हणजे खोटं बोलायचं हा वरून आलेला हुकूम. चिठ्ठी आत न पोचणं हा माणसं कमी ठेवल्याचा परिणाम. न मागता बाटल्या उघडणं हीसुद्धा शिकवलेली गोष्ट. तेव्हा पहिला मुद्दा लिहून ठेवा: तक्रार वरच्या दिशेने करायची, खालच्या नाही. वेटरवर ओरडलं की आपला राग निवतो आणि मालकाचं काहीच बिघडत नाही. उलट त्याची सोयच होते.

परगावच्या माणसालाच हे का होतं?

गल्लीतल्या हॉटेलात रोज चहाला येणाऱ्या माणसाला मालक नावाने ओळखतो. त्याला शिळी भाजी दिली तर उद्यापासून तो आणि त्याचे चार मित्र समोरच्या दुकानात जातील. ही भीती म्हणजेच चांगल्या सेवेची पहारेकरी. प्रवाशाच्या बाबतीत हा पहारेकरी नसतो. देवस्थानासमोर, घाटावर, स्टेशनाबाहेर, थंड हवेच्या ठिकाणी रोज नवी माणसं येतात आणि जातात. तिथे एका गिऱ्हाइकाची नाराजी महाग पडत नाही.

यावरून पहिला उपाय निघतो, तो फुकटचा आहे. जिथे गावातलीच माणसं बसलेली दिसतात तिथे जेवा. दुकानदार, रिक्षावाले, बँकेतले कारकून दुपारी जिथे डबा नसेल तर जातात, ते हॉटेल शोधा. जबलपुरात दुसऱ्या दिवशी आम्ही असंच केलं. सकाळी बाजारातली माणसं जिथे उभ्याने पोहे-जिलेबी खात होती तिथेच खाल्लं. प्लेट दोन मिनिटांत हातात.

हा झाला सावधगिरीचा उपाय. पण घडायचं ते घडून गेलं तर?

बिल वाचायला शिका

आमचं बिल मी खोलीवर येऊन नीट पाहिलं. जेवण आणि पाणी मिळून ८६० रुपये. त्याखाली 'सर्व्हिस चार्ज १० टक्के', म्हणजे ८६. मग ९४६ रुपयांवर ५ टक्के जीएसटी, ४७ रुपये ३० पैसे. एकूण ९९३ रुपये ३० पैसे. मी गोंधळात पैसे देऊन मोकळा झालो होतो.

आता यात काय खटकतं ते एकेक बघू.

पहिलं, सर्व्हिस चार्ज. हा सरकारी कर नाही. जीएसटी सरकारजमा होतो, सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या गल्ल्यात राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं सार असं: हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही. दुसऱ्या कुठल्या नावाने तो वसूल करायचा नाही. देण्याची सक्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. नाही दिला म्हणून आत घ्यायला किंवा वाढायला नकार द्यायचा नाही. आणि तो बिलात मिळवून वर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सूचनांना काही काळ स्थगिती होती. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या. त्यावर संघटनांनी अपील केलेलं आहे. तेव्हा तुमच्या बिलात हा आकार न विचारता आला असेल तर "हा काढा" म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. सेवा आवडली तर टिप जरूर द्या, पण ती तुमच्या मर्जीने आणि शक्यतो वाढणाऱ्याच्या हातात.

दुसरं, जीएसटी. बहुतेक हॉटेलांत जेवणावर तो ५ टक्के असतो. आमच्या बाबतीत तो ८६० वर, म्हणजे ४३ रुपये व्हायला हवा होता. एकूण ९०३. आमच्याकडून ९० रुपये ३० पैसे जास्त घेतले गेले. आणखी एक खूण सांगतो. जीएसटी लावला असेल तर बिलावर १५ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक हवा. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७, गुजरात २४, कर्नाटक २९, गोवा ३०, तेलंगण ३६. काही छोटी हॉटेलं 'कंपोझिशन' योजनेत असतात. ती एकूण उलाढालीवर स्वतः कर भरतात, पण तुमच्याकडून बिलात वेगळा जीएसटी घेऊ शकत नाहीत. नोंदणी क्रमांक नाही आणि तरी 'जीएसटी' लिहिलंय, तर तिथेच बोट ठेवून विचारा.

तिसरं, १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, म्हणजे एफएसएसएआयचा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. जेवणात काही सापडलं, पोट बिघडलं, तर या एका क्रमांकावरून ते हॉटेल नेमकं कोणतं हे अन्न सुरक्षा खात्याला कळतं. तक्रारीसाठी त्यांचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' नावाचं ॲप आहे.

चौथं, पाण्याच्या बाटल्या. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून लोक हॉटेलात भांडतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असा निर्णय दिलाय की हॉटेल फक्त बाटली विकत नाही, बसायची जागा आणि सेवाही देतं, म्हणून तिथे छापील किमतीचं बंधन लागू होत नाही. तेव्हा या मुद्द्यावर भांडू नका, हराल. आधीच सांगा: "साधं पाणी आणा, बाटली उघडू नका." उघडण्याआधी सांगितलं तर काम होतं. उघडल्यावर वाद उरतो.

आणि पाचवं, बिल मागाच. चिटोऱ्यावर आकडा लिहून "इतने हुए" म्हणाले तर छापील बिल मागा. बिल न देणं हीच ग्राहक कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय बिल नसेल तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

कशाची तक्रार होते, कशाची नाही

ग्राहक चळवळ ही आपल्या मराठी मुलखाला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो १९८६ मध्ये. २४ डिसेंबर हा ग्राहक दिन त्याच्याच आठवणीचा. आज लागू आहे तो २०१९ चा नवा कायदा, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्यात पैसे घेऊन दिलेलं जेवण आणि वाढणं ही 'सेवा' आहे, आणि तिच्यात राहिलेली उणीव ही 'सेवेतील त्रुटी'. पण म्हणून प्रत्येक नाराजी ही त्रुटी होत नाही. भाजी तुमच्या चवीची नव्हती, वेटर हसला नाही, रविवारी गर्दीत अर्धा तास थांबावं लागलं, यासाठी आयोगाकडे जाऊन काही हाती लागत नाही. शिळं किंवा दूषित अन्न, शाकाहारी मागितलेलं असताना मांसाहारी येणं, मेन्यूकार्डात एक भाव आणि बिलात दुसरा, न सांगता लावलेले आकार, बिल नाकारणं, या गोष्टी टिकतात.

आमच्या प्रसंगात सगळ्यात गंभीर गोष्ट होती ती 'दस मिनट' आणि गल्ल्यावरचा तो तळहात. पण त्याचा कागद माझ्याकडे काय होता? काही नाही. सर्व्हिस चार्ज मात्र छापील होता. म्हणून मी लेखी तक्रार केली ती त्या आकाराची, आणि उशिराची हकीकत तिच्यासोबत जोडली. जे सिद्ध करता येतं ते पुढे ठेवायचं, जे मनाला लागलंय ते मागे. आपण नेमकं उलटं करतो.

घरी बसून तक्रार

आता आजच्या बोलण्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. जुन्या १९८६ च्या कायद्यात तक्रार साधारणपणे तिथेच करावी लागायची जिथे दुकानदार आहे किंवा जिथे प्रकार घडला. म्हणजे मी साताऱ्याचा माणूस, नव्वद रुपयांसाठी जबलपूरच्या फेऱ्या मारायच्या. कोण मारणार? हॉटेलवाल्याचा 'हे काही परत येत नाहीत' हा हिशेब यावरच उभा होता.

नव्या कायद्याच्या कलम ३४ ने हे बदललं. तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही आता तक्रार करता येते. म्हणजे जबलपुरात जेवलेला माणूस साताऱ्यात, इंदूरमध्ये जेवलेला बेळगावात, गोव्यात जेवलेला बडोद्यात. आपण परत जायची गरज उरली नाही. आता उत्तर द्यायला त्यांना यावं लागतं.

क्रम असा ठेवा.

पहिली पायरी तिथल्या तिथे. वेटरला बाजूला ठेवून मॅनेजर किंवा मालकाला भेटा. आवाज न चढवता एकच मागणी करा: हा आकार काढा, हा पदार्थ बदला. चार तक्रारी एकदम मांडल्या तर एकही ऐकली जात नाही. नाही ऐकलं तर बिल भरा, बिलाचा आणि मेन्यूकार्डाचा फोटो घ्या, वेळ टिपून ठेवा आणि निघा. सुट्टीचा दिवस भांडणात घालवू नका.

दुसरी पायरी, १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. फोन मोफत आहे, मराठीसह १७ भाषांत बोलता येतं. तक्रारीला क्रमांक मिळतो, ती समोरच्या व्यावसायिकाकडे पाठवली जाते. ही कोर्टकचेरी नाही, मध्यस्थी आहे. समोरचा दाद देईलच असं नाही, पण छोट्या रकमांसाठी सुरुवात इथूनच करावी.

तिसरी पायरी, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, आणि ५ लाखांपर्यंत कसलीही फी नाही. वकील सक्तीचा नाही. 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवर घरून तक्रार दाखल करता येते, आणि अर्ज केल्यास सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो हे धरून चाला. म्हणून ही पायरी नव्वद रुपयांसाठी नाही, खरं नुकसान झालं असेल तेव्हासाठी आहे.

इंटरनेटवर मत लिहिणार असाल तर घडलं तेवढंच लिहा. तारीख, काय मागितलं, काय मिळालं, किती घेतलं. 'चोर आहेत' असं लिहिलं की तुमची खरी तक्रार बाजूला पडते आणि बदनामीचा दुसराच वाद सुरू होतो.

मालकाचा फोन

मी १९१५ वर तक्रार केली. काही दिवसांनी साताऱ्यात फोन वाजला. त्या हॉटेलचे मालक होते. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. म्हणाले, "साहब, इतनी दूर से, नब्बे रुपये के लिए?"

मी म्हटलं, नव्वद रुपये परत करा, ते माझे आहेत. पण फोन केलाच आहे तर दोन गोष्टी ऐका. एक, तुमच्या पोराला 'दस मिनट' म्हणायला लावू नका. वीस लागणार असतील तर वीस सांगा. उठून जाणारा जाईल, पण थांबलेला माणूस तुमच्या शब्दावर काय करून बसेल हे तुम्हाला माहीत नसतं. आणि त्यांना इन्शुलिनची गोष्ट सांगितली. दोन, गल्ल्यावर साखरेची एक बरणी ठेवा.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "माताजी अब कैसी हैं?" पैसे संध्याकाळी आले. बरणी ठेवली की नाही, ते जबलपूरला जाणाऱ्या कोणीतरी बघून सांगावं. मी वेटरसाठीही एक शब्द टाकला की त्याला बोलू नका, तो एकटा नऊ टेबलं बघत होता. तो निरोप मी खरं तर त्याच दिवशी, त्या पोरासमोर द्यायला हवा होता.

आपल्या पिशवीत काय हवं

शेवटचं, आणि हे आमच्या वयाच्या मंडळींसाठी. त्या दिवशी हॉटेलची चूक होतीच, पण माझीही होती. पुढचं रेशन हातात आल्याशिवाय जवळचं संपवायचं नाही, हे शिकलेल्या माणसाच्या पिशवीत साखरेची पुडी नव्हती.

जेवणाआधी इन्शुलिन घेणाऱ्यांनी बाहेर जेवताना ते कधी घ्यायचं हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी हिला सांगितलंय की बाहेर असताना ताट समोर आल्याखेरीज पेन काढायचं नाही. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं, तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडली तर तेवढीच परत द्या. साखर वर आली की थोडं जेवण. अशा वेळी पेढा किंवा खव्याची जिलेबी देऊ नका, स्निग्ध पदार्थांतली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. त्या हलवायाने समोर जिलेबीची परात असताना पाक निवडला, तो त्याला कोणी शिकवला होता कोण जाणे. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

जबलपूर सोडताना आम्ही त्या मिठाईच्या दुकानात पुन्हा गेलो. एक किलो जिलेबी घेतली, या वेळी पैसे त्याला घ्यायला लावले. म्हटलं, पुन्हा आलो की इथेच येऊ. पुढच्या हिवाळ्यात जायचं ठरलंय.

तुमच्या प्रवासातले असे अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.